विद्यार्थ्यांच्या हातचे उपग्रह



उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? श्रीहरिकोट्याहून आग ओकत वर जाणारा अग्निबाण, मोठमोठे शास्त्रज्ञ आणि कोट्यवधी रुपयांचा खर्च. हे काम मोठ्या संस्थांचे. आपल्या मुलाने आधी परीक्षा द्यावी, नोकरीला लागावे, पुढचे पुढे पाहू, असे आपण म्हणतो. पालकांची ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. परंतु आज ज्या उपग्रहांची हकिगत मी आपल्यापुढे मांडणार आहे, ते अशाच काळजीत असलेल्या घरांतील मुलामुलींनी, पदवीचा अभ्यास सांभाळून बनविले. या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. उपग्रह पुरा होण्यास जितकी वर्षे लागतात, तितकी वर्षे विद्यार्थी महाविद्यालयात राहत नाही. ज्यांनी आरंभ केला त्यांतील अनेकांचे विद्यार्थीपण संपून गेले आणि शेवट दुसऱ्यांनी केला. तरीही काम तडीस गेले. ते कसे, हे आपण सर्वांनी समजून घेण्याजोगे आहे.

सुरुवात रेडिओच्या छंदापासून झाली. स्वतः यंत्रे जुळवून देशोदेशीच्या लोकांशी बिनतारी संपर्क साधणाऱ्या हौशी मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. कॅलिफोर्नियातील अशा हौशी मंडळींनी ऑस्कर-१ नावाचा छोटा उपग्रह तयार केला आणि १२ डिसेंबर १९६१ रोजी तो अवकाशात गेला. मोर्सच्या भाषेत ‘हाय’ एवढाच निरोप तो सुमारे तीन आठवडे पाठवीत राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळूनही उपग्रह बनविता येतो, हे त्याने जगाला दाखविले.

ही प्रेरणा घेतली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी. १९६६ च्या सुमारास त्यांनी स्वतःचा उपग्रह जुळविण्यास घेतला. त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि खास अवकाशासाठी बनविलेले सुटे भागही नव्हते. अँटेना कशाची करावी, हा प्रश्न त्यांनी कसा सोडविला ते पाहा. सुतार लाकूड मोजतो ती पोलादी टेप आपण सर्वांनी पाहिली आहे. ती गुंडाळली जाते आणि सोडली की ताठ उभी राहते. अग्निबाणाच्या पोटात जागा कमी असते आणि अवकाशात अँटेना लांब लागते. दोन्ही अडचणी त्या टेपने दूर केल्या! दुसरी अडचण अशी की अवकाशात उपग्रह गिरक्या घेऊ लागला, तर त्याचे संदेश नीट ऐकू येत नाहीत. त्यावर त्यांनी आत लोहचुंबक बसविला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे स्थिर होते, तोच हा नियम. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जे शिकलो, तेच ज्ञान येथे उपयोगी पडले.

१९६७ साली हा उपग्रह तयार होऊन अमेरिकेस पोहोचला. पण तो वर नेणारा अग्निबाण काही मिळेना. तेथे तो दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. अखेर २३ जानेवारी १९७० रोजी एका हवामान उपग्रहासोबत तो कॅलिफोर्नियातून वर गेला आणि त्यास ऑस्ट्रेलिस ऑस्कर-५ असे नाव मिळाले. त्याचे वजन १७.७ किलोग्रॅम होते. त्यावर सौरघट नव्हते, नुसत्या बॅटऱ्या होत्या. त्यामुळे त्याचे एक प्रेषक यंत्र २३ दिवस व दुसरे ४६ दिवस चालले. आज तो मुका आहे, पण पृथ्वीभोवती अजून फिरतोच आहे.

मेलबर्नच्या मुलांना जी अडचण आली, तीच पुढे सगळीकडच्या विद्यार्थ्यांना आली: काम लांबते आणि शिक्षण संपते. यावर १९९९ साली अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी, स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी यांनी, तोड काढली. खेळणी ज्यात विकतात तशी प्लॅस्टिकची चौकोनी डबी पाहून ट्विग्ज यांना आकाराची कल्पना सुचली. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच आणि वजनाने सुमारे एक किलोग्रॅम असा ठोकळा त्यांनी ठरविला. त्यास क्यूबसॅट म्हणतात. माप ठरून गेल्यामुळे कोणत्याही देशाचा ठोकळा एकाच तऱ्हेच्या पेटीतून सोडता येऊ लागला. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून असे पहिले उपग्रह वर गेले. त्यांत टोकियोच्या दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे उपग्रह होते.

आता आपल्या देशाकडे वळू. चेन्नईच्या क्रोमपेट भागात मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी नावाची जुनी संस्था आहे. रामेश्वरमच्या एका साध्या कुटुंबातील तरुणास तेथे प्रवेश मिळाला. फी भरण्यासाठी सुमारे एक हजार रुपये हवे होते आणि घरात ते नव्हते. त्याच्या बहिणीने, झोहराने, आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली आणि फी भरली गेली. तो तरुण म्हणजे मरहूम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम साहेब. तेथे विद्यार्थी असताना लढाऊ विमानाच्या आराखड्याचे काम त्यांच्या गटाकडे होते. काम मागे पडलेले पाहून प्राध्यापक श्रीनिवासन यांनी त्यांना तीन दिवसांची मुदत दिली. नाही तर शिष्यवृत्ती बंद! कलाम साहेबांनी रात्रीचा दिवस करून आराखडा पुरा केला. ही हकिगत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

पुढे ही संस्था अण्णा विद्यापीठात सामील झाली आणि भारतातील विद्यापीठाने बनविलेला पहिला उपग्रह तेथेच आकारास आला. ४० किलोग्रॅम वजनाचा हा अनुसॅट २० एप्रिल २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून कक्षेत गेला. त्यानंतर १२ जुलै २०१० रोजी स्टडसॅट गेला. बंगळूर व हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी तो बनविला होता आणि त्याचे वजन एक किलोग्रॅमच्याही आत होते. १२ ऑक्टोबर २०११ रोजी कानपूरच्या आय. आय. टी. चा जुगनू गेला. इस्रोने हे सर्व उपग्रह आपल्या मोठ्या उपग्रहांच्या सोबतीने वर नेले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोग्रॅमचा उपग्रह बनविला. कामास २००८ साली आरंभ झाला आणि प्रक्षेपण २२ जून २०१६ रोजी झाले. पदवी चार वर्षांची आणि काम आठ वर्षांचे! स्वयम् स्थिर ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी वीज खाणारी यंत्रणा न बसविता मेलबर्नप्रमाणेच लोहचुंबक वापरले. हॅम मंडळींचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे, हे त्याचे काम होते.

मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये २००७ साली विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ या उपग्रहाचे काम हाती घेतले. तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी वर गेला. म्हणजे नऊ वर्षे लागली. त्याचे वजन सुमारे दहा किलोग्रॅम होते. वातावरणाच्या वरच्या थरांत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, मोकळे असतात आणि रेडिओलहरी त्यांतून येताना थोड्या वळतात. प्रथम दोन निरनिराळ्या लहरी पाठविणार आणि त्या किती वळल्या हे जमिनीवरून मोजून इलेक्ट्रॉनांची संख्या काढावयाची, अशी ती योजना होती. यासाठी इतर महाविद्यालयांतील मुलांनाही भूकेंद्रे उभारण्यास शिकविण्यात आले. असा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीची फेरी पुरी करतो आणि एका गावावरून फार तर दहा-बारा मिनिटे जातो. तेवढ्या मिनिटांसाठी मुले तयारीने बसतात, मग ती वेळ मध्यरात्रीची असो की पहाटेची.

कन्याकुमारी जिल्ह्यातील नूरुल इस्लाम विद्यापीठाचे नाव आपणांस जवळचे वाटेल. तेथील १५ किलोग्रॅमचा नियुसॅट २३ जून २०१७ रोजी कक्षेत गेला. पिकांची पाहणी आणि आपत्तीच्या वेळी मदत, यांसाठी जमिनीची चित्रे घेणे हा त्याचा उद्देश होता. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या संस्थेनेही हे केले.

प्रत्येक वेळी यशच आले असे मात्र समजू नका. देशातील ७५ शाळांच्या ७५० मुलींनी सुटे भाग तयार केलेला आझादीसॅट ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या छोट्या अग्निबाणातून निघाला. अग्निबाणाने त्यास चुकीच्या कक्षेत सोडले आणि तो वाया गेला. त्या मुलींना किती वाईट वाटले असेल याची कल्पना करा. पण १० फेब्रुवारी २०२३ रोजी आझादीसॅट-२ त्याच जातीच्या अग्निबाणातून गेला आणि ठरल्या कक्षेत पोहोचला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आठ-नऊ वर्षे काम चालते आणि दरवर्षी जाणती मुले पदवी घेऊन निघून जातात. मग काम मोडत कसे नाही? कारण येथे केवळ करून भागत नाही, लिहून ठेवावे लागते. कोणती तार कोठे जोडली, कोणती चाचणी फसली आणि का फसली, हे सारे नोंदून, वरच्या वर्गाच्या मुलाने खालच्या वर्गाच्या मुलास शेजारी बसवून शिकवावे लागते. आपली चूक लपविणारा विद्यार्थी येथे सर्वांत महाग पडतो, कारण वर गेलेला उपग्रह दुरुस्तीसाठी खाली आणता येत नाही. स्वयम् सुटला तेव्हा त्याची पहिली रेखाटने करणारे विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेले होते. पण त्यांचे काम त्यांच्या मागे राहिले होते.

पालकहो, ‘यातून माझ्या मुलाला गुण किती मिळणार?’ हा प्रश्न आपण विचाराल, आणि तो विचारण्याचा आपणांस हक्क आहे. गुणपत्रिकेवर याची नोंद कदाचित होणार नाही. पण दहाजणांत मिळून काम करणे, फसलेले काम मोकळेपणाने मान्य करणे आणि आपण नसतानाही चालेल असे काम मागे ठेवणे, हे तो शिकेल. झोहराने बांगड्या गहाण ठेवल्या तेव्हा पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हते. आपल्या मुलीने प्रयोगशाळेत संध्याकाळी दोन तास अधिक थांबण्याची परवानगी मागितली, तर तिला नाही म्हणू नका. घरी परतण्याची सोय काय करता येईल ते पाहा.

आणि विद्यार्थी मित्रहो, एकदम उपग्रहाचा विचार करू नका. एक साधा रेडिओ जुळवा. तो चालला नाही तर का चालला नाही ते वहीत लिहा. वर्ष संपताना ती वही खालच्या वर्गातील मुलाच्या हाती द्या. मेलबर्न, पुणे व मुंबई येथील मुलांचे काम अशाच वह्यांवर उभे राहिले होते.