तिसऱ्या नगाऱ्यापर्यंत : कायफंगच्या रात्रबाजाराचा पूर्ववृत्तांत

पूर्व आशियातील एखाद्या मोठ्या नगरी दिवस मावळताना उतरलेल्या प्रवाशाला तेथील रात्रबाजार, त्यातील दिव्यांच्या रांगा, वाफाळणारी भांडी आणि मध्यरात्र उलटली तरी न ओसरणारी गर्दी, हे सर्व इतके स्वाभाविक वाटते की, मनुष्य नगरे वसवून राहू लागला तेव्हापासूनच हा प्रकार चालत आला असावा, अशी त्याची समजूत व्हावी. वस्तुस्थिती तशी नाही. रात्र ही कित्येक शतके राज्यसत्तेच्या मालकीची होती. प्रजेने त्या वेळी दाराआड राहावे, असा दंडक होता. आणि हा दंडक ज्या नगरात प्रथम ठळकपणे उठला, त्या चीनमधील कायफंगचा वृत्तांत जाणल्यावाचून आजच्या रात्रबाजारांचे मोल आपल्या पुरते ध्यानात यावयाचे नाही.

तांग वंशाची राजधानी छांगआन ही आपल्या काळी जगातील विशालतम नगरांपैकी एक होती. परंतु तिची रचना शंभराहून अधिक तटबंद मोहल्ल्यांची होती, आणि प्रत्येक मोहल्ल्याची दारे सायंकाळी नगाऱ्याच्या ठोक्यांबरोबर बंद होत. व्यापारास पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील असे दोन बाजार नेमून दिलेले होते; ते मध्यान्ही तीनशे नगाऱ्यांनी उघडावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी तीनशे घंटानादांनी मिटावयाचे, असा सरकारी शिरस्ता होता. रात्री विनापरवाना राजमार्गावर सापडलेल्या इसमास वीस छड्यांची शिक्षा तांग विधिसंहितेत लिहून ठेवलेली आहे. तांग सत्ता उताराला लागली तसतसे हे निर्बंध सैल होत गेले, ही गोष्ट खरी. तथापि एखादा नियम ढिला पडणे वेगळे आणि तो राजाज्ञेने मागे घेतला जाणे वेगळे. पहिल्या प्रकारात प्रजा अंमलदाराच्या डोळेझाकीवर जगते, दुसऱ्या प्रकारात ती हक्काने जगते.

हे दुसरे घडले ते सुंग वंशाच्या प्रारंभी. इ. स. ९६० मध्ये गादीवर आलेल्या थायत्सु सम्राटाने इ. स. ९६५ मध्ये कायफंगच्या नगरप्रशासनास आज्ञा केली की, राजधानीतील रात्रबाजारांना तिसऱ्या नगाऱ्यापर्यंत मनाई करू नये. चिनी गणनेत रात्रीचे पाच भाग, म्हणजे पहारे, असत आणि तिसरा नगारा मध्यरात्रीच्या सुमारास वाजे. फर्मान अगदी लहान आहे. त्यात प्रजेच्या सुखाविषयी एकही अलंकारिक वाक्य नाही. परंतु मनाई करू नये, एवढ्या नकारातूनच पुढील दीडशे वर्षांचे एक अपूर्व नगरजीवन उदयास आले.

कायफंग हे असे नगर होण्यास भूगोलही कारण झाला. पीतनदीच्या सखल मैदानातील या नगराला पर्वतांचा आश्रय नव्हता. राजधानीस लागणारी संरक्षणाची सोय तेथे फारशी नव्हतीच. मात्र दक्षिणेच्या सुपीक प्रदेशातून येणारा बिएन कालवा त्याच्या मध्यातून वाहत असे, आणि त्या कालव्याने प्रतिवर्षी साठ लाख शी (चिनी धान्यमाप) इतके धान्य राजधानीस पोचविण्याचा आकडा सरकारने ठरवून दिला होता. धान्याच्या नौकांबरोबर दक्षिणेचा तांदूळ, मासळी, फळे, चहा आणि साखर आली. दक्षिणेतील अधिकारी, व्यापारी आणि परीक्षार्थी आले. आणि त्यांच्या जिभेच्या सवयीही आल्या. लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. जुने तटबंद मोहल्ले मोडून घरे आणि दुकाने थेट रस्त्यावर उघडू लागली, आणि दक्षिणी पद्धतीच्या व सेचुआनी पद्धतीच्या स्वतंत्र भोजनगृहांत परमुलखातून आलेल्या मनुष्याला घरचे जेवण मिळू लागले.

या सर्वांची इतकी सविस्तर माहिती आपणांस आहे, ती एका मनुष्याच्या विरहदुःखामुळे. मंग युआनलाव नावाचा गृहस्थ इ. स. ११०३ मध्ये वडिलांबरोबर राजधानीत आला, तेथेच वाढला, आणि इ. स. ११२७ मध्ये नगर शत्रूच्या हाती पडल्यावर दक्षिणेकडे निघून गेला. पुढे वीस वर्षांनी, इ. स. ११४७ मध्ये, आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना त्याने नमूद केले की, नव्या पिढीतील माणसांशी जुन्या राजधानीविषयी बोलू गेले तर त्यांना ते खरे वाटत नाही, म्हणून हे लिहून ठेवीत आहे. ‘तुंगचिंग मंग ह्वा लू’ हा तो ग्रंथ. त्यात राजदरबारचे समारंभ आहेतच. परंतु ग्रंथकाराचा जीव रमतो तो रस्त्यांत, दुकानांत आणि खाद्यपदार्थांच्या याद्यांत.

राजप्रासादाकडून दक्षिणेस जाणारा राजपथ बिएन कालव्यावर जेथे येई, तेथे चौ-पूल होता. त्या पुलापासून दक्षिणद्वाराबाहेर लुंगचिन पुलापर्यंत पसरलेला रात्रबाजार मंगने दुकानागणिक वर्णिला आहे. कोठे सुकविलेले मांस, कोठे बदके, कोंबड्या आणि ससे, कोठे वाम मासळी, कोठे सारण भरून वाफवलेल्या कणकेच्या बाओत्झी. आणि कित्येक जिन्नसांची किंमत पंधरा नाण्यांहून अधिक नसे, हेही तो आवर्जून सांगतो. उन्हाळ्यात साखर घातलेल्या बर्फगार गोळ्या आणि हिरवे मूग व ज्येष्ठमध यांचे बर्फ घातलेले शीतपेय मिळे. हिवाळ्यात विस्तवावर भाजलेले मांस आणि रानबदके येत. हिमवर्षाव असो, वादळ असो, बाजार भरल्यावाचून राहत नसे. तिसऱ्या नगाऱ्यानंतर चहाची सुरई हातात घेऊन फिरणारे विक्रेते निघत, कारण सरकारी आणि खाजगी कामे आटोपून माणसे उशिरा घरी परतत. इतरत्र काही गजबजलेल्या भागांत तर तिसऱ्या नगाऱ्याची मर्यादाही नावापुरतीच उरली होती. तेथील बाजार तिसऱ्या पहाऱ्याच्या अखेरीस मिटे आणि पाचव्या पहाऱ्यास पुन्हा उघडे. महामंत्री चाय चिंग याचा पुत्र चाय थाव याने लिहून ठेवले आहे की, डासांचा उपद्रव सर्व देशाला असला तरी मा-शिंग रस्त्यावर डास नसत, कारण रात्रबाजाराच्या आणि मद्यगृहांच्या अगणित तेलदिव्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नसे.

या बाजाराने घराची घडीही बदलली. व्यापारउदीम करणारी कुटुंबे पुष्कळदा सिद्ध अन्न दुकानातूनच आणीत आणि घरी भाजीपाला साठवीत नसत, असे मंग सांगतो. भोजनगृहांतील कारभार तर शास्त्रशुद्ध म्हणावा इतका बांधीव होता. गिऱ्हाईक बसले की वाढपी त्याची मागणी विचारून घेई. एकाला गरम हवे, दुसऱ्याला थंड, तिसऱ्याला कोमट, कोणास चरबी वर ओतलेली हवी, कोणास निवडक मांसाची. ती सर्व मागणी तोंडपाठ करून तो मुदपाकखान्यासमोर उभा राही आणि गायनाच्या स्वरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगे. थोड्याच वेळात डाव्या हातात तीन वाडगे आणि उजव्या हाताच्या पंज्यापासून खांद्यापर्यंत रचलेले सुमारे वीस वाडगे घेऊन तो बाहेर येई व ज्याचे त्याला बिनचूक वाढी. चूक झालीच तर मालकाकडून कानउघाडणी, पगारात कपात, क्वचित बडतर्फी. मद्यगृहांत केवळ दोन असामी समोरासमोर बसले तरी त्यांच्यापुढे जवळजवळ शंभर ल्यांग (चिनी वजनमाप) चांदीची पात्रे मांडली जात. आणि गरिबाने घरी मद्य मागविले तरी ते चांदीच्याच पात्रांतून पोचविले जाई, रात्रभर बैठक चालली तर पात्रे दुसऱ्या दिवशी परत नेली जात. ज्या नगरात दुकानदार अनोळखी गरिबाच्या दारात रात्रभर चांदी ठेवून निश्चिंत झोपू शकतो, त्या नगरातील सुरक्षिततेचा आणि परस्परविश्वासाचा याहून मोठा पुरावा कोणता असावा?

राज्यसत्तेने हे सर्व केवळ औदार्याने चालू दिले, असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. मद्यासाठी लागणारे खमीर हा सरकारी मक्ता होता. राजधानीतील बहात्तर मुख्य मद्यगृहे ते खमीर सरकारकडून विकत घेऊन मद्य तयार करीत, आणि असंख्य लहान दुकाने त्या मोठ्या गृहांकडून मद्य नेऊन विकीत. फान-लौ हे त्यांतील सर्वांत नामांकित गृह. इ. स. १०२७ मधील एका आदेशात असे म्हटले आहे की, जो कोणी या गृहाचा इजारा घेऊन ठरलेला महसूल भरण्यास राजी होईल, त्याच्याकडून रोज मद्य घेण्यासाठी शहरातील तीन हजार लहान दुकाने नेमून दिली जातील. म्हणजे रात्री जळणाऱ्या दिव्यांतून सरकारी तिजोरीही भरत होती. तथापि तिजोरी भरणारा प्रत्येक राजा प्रजेला रात्र देतोच असे नाही. सुंग राजांनी लाभ ओळखला आणि हात आवरला, या दोन्ही गोष्टी त्यांच्या नावे लिहावयास हव्यात.

हात आवरण्याच्या या वृत्तीची एक कथा सुंगकालीन टिपणग्रंथात आली आहे. रनत्सुंग सम्राटाने (राज्यकाल १०२२ ते १०६३) एका रात्री अंतःपुरात बसला असता दूरवरून वाद्यांचा आवाज ऐकला आणि हे काय, म्हणून विचारले. सेवकांनी सांगितले की, बाहेर लोकांच्या मद्यगृहांत गाणेबजावणे चालले आहे, आणि आपला प्रासाद मात्र इतका निवांत आहे. त्यावर सम्राटाचे उत्तर असे की, मी येथे निवांत आहे म्हणूनच ते तेथे आनंदात आहेत. मी त्यांच्यासारखा रंगलो तर त्यांना निवांत व्हावे लागेल. पुढे फान-लौची नव्याने उभारणी होऊन तीन मजल्यांच्या पाच इमारती उंच पुलांनी एकमेकींस जोडल्या गेल्या, तेव्हा पश्चिमेकडील इमारतीच्या वरच्या मजल्यावरून थेट राजप्रासादात दृष्टी जाऊ लागली. दरबाराने मद्यगृह पाडले नाही. केवळ त्या एका जागी चढण्यास मनाई केली.

इ. स. ११२७ मध्ये उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी तत्कालीन सम्राट आणि त्याचा पिता ह्वेइत्सुंग या दोघांना बंदिवान करून नेले आणि कायफंगचे वैभव संपले. याच सुमारास आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर तिसरा सोमेश्वर बसला, ज्याच्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग समाविष्ट होता. आणि पुढील काही वर्षांत त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, इडरिका, धोसक यांसारखे पदार्थ आणि मांसाचे नाना प्रकार तपशिलाने सांगितले आहेत, आणि आपल्या खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकाला तो ग्रंथ अमूल्य आहे. परंतु सोमेश्वराने राजाचे ताट वर्णिले; मंगने पंधरा नाण्यांत पोट भरणाऱ्या माणसाचे वर्णिले. समकालीन असूनही या दोन ग्रंथांत हे अंतर आहे, आणि आपल्या बाजारपेठांत त्या काळी सामान्य मनुष्य काय खात होता, हे सांगणारा मंग आपल्याला लाभला नाही, याची रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

कायफंग पडले, पण त्याची चूल विझली नाही. निर्वासित दक्षिणेस गेले, इ. स. ११३८ मध्ये हांगचौ ही तात्पुरती म्हणून ठरविलेली राजधानी झाली. आणि तेथील भोजनगृहे बहुतांशी जुन्या राजधानीच्या माणसांनीच काढलेली आहेत, असे तेराव्या शतकातील एका ग्रंथात नोंदलेले आहे. सुंग आडनावाच्या कुटुंबातील पाचवी वहिनी म्हणून ओळखली जाणारी अशीच एक कायफंगची स्त्री हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी माशांचे सार विकीत असे. इ. स. ११७९ मध्ये राज्यत्याग केलेला वृद्ध सम्राट गावत्सुंग नौकाविहारास आला असता त्याने तिला बोलावले. आपण राजधानीची राहणारी, महाराजांच्या पाठोपाठ येथवर आलो, असे तिने सांगितले. आणि ते सार चाखून त्याने तिला सुवर्णनाणी, रौप्यनाणी आणि रेशीम बक्षीस दिले. ज्या नगराचा मुलूख तो परत जिंकू शकला नाही, त्या नगराची चव एका विक्रेतीने त्याच्यापुढे ठेवली होती. पुढे उत्तरेची आणि दक्षिणेची पाककला इतकी मिसळली की, दोहोंत भेद उरला नाही, असे हांगचौच्याच दुसऱ्या वृत्तांतकाराने लिहून ठेवले आहे.

खुद्द कायफंगचे दैव अधिक कठोर निघाले. इ. स. १६४२ च्या वेढ्यात पीतनदीचे बांध फुटले, लाखो माणसे मेली, आणि पूर्वीच्या पुरांनी आधीच झाकत आणलेले सुंगकालीन नगर गाळाखाली खोल गाडले गेले. अलीकडच्या उत्खननात चौ-पुलाचे अवशेष आणि कालव्याच्या काठच्या, अश्व, क्रौंच आणि मेघ कोरलेल्या पाषाणभिंती उजेडात आल्या आहेत. वरच्या भूमीवर आज नगारखान्याच्या परिसरात रात्रबाजार भरतो. रसाने भरलेल्या बाओत्झी, बदामाच्या जातीच्या बियांची लापशीसारखी दाट ‘चहा’, डाळीच्या पिठाच्या वड्या तव्यावर परतून केलेले पदार्थ, आणि ह्वेइ मुसलमानांच्या दुकानांतील मेंढ्याचे मांस तेथे मिळते. यांतले सगळेच पदार्थ मंगच्या यादीतले नव्हेत. टिकून राहिला आहे तो रात्री एकत्र जमून खाण्याचा प्रघात.

या इतिहासाचा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. रात्रबाजार हा भुकेचा किंवा हवामानाचा परिणाम नसून राज्यकर्त्याने घातलेली बंदी उठण्याचा आणि रस्त्यावर निर्भयपणे वावरता येण्याचा परिणाम आहे. म्हणून कोणत्याही नगरात रस्त्यावरचा अन्नविक्रेता कसा वागविला जातो, यावरून त्या नगराच्या शासनाची परीक्षा खुशाल करावी. आणि दुसरी गोष्ट, असे नगर एकदा गेले की त्याला परत आणण्याचे सामर्थ्य तपशीलवार लिहून ठेवणाऱ्या एका रहिवाशातच असते. होळकरांच्या इंदुरात सराफ्यातील पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांपुढे भरणारा खाद्यबाजार, मुंबईतील गिरगावच्या खाणावळी, गावोगावच्या जत्रांतील भटारखाने, यांविषयी कौतुकाचे लेख आपण पुष्कळ लिहितो. दुकानाचे नाव, जागा, जिन्नस, किंमत, ऋतू आणि वेळ यांची नोंद मात्र क्वचितच करतो. वाचकांपैकी ज्याला आपल्या गावच्या बाजाराविषयी ममत्व असेल, त्याने ही नोंद आजच करावयास घ्यावी.