जठरांतील फुगा

जनावरांच्या जठरांत केस व वनस्पतींचे तंतु सांचून कधीं कधीं घट्ट गोळा बनतो. त्यास फारसींत 'पादजहर', म्हणजे विषाचा उतारा, म्हणत आणि राजेलोक तो सोन्यांत मढवून ठेवीत. विषावर त्याचा कितपत उपयोग झाला तें त्या राजांसच ठाऊक! परंतु माणसाच्या पोटांत असा गोळा झाला असतां थोड्याच अन्नानें तृप्ति होते व देह कृश होत जातो, हें वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. १९८२ सालीं नीबेन व हार्बो या दोघांनीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत लठ्ठपणावर कृत्रिम गोळा म्हणून फुग्याचा उपाय मांडला.

शस्त्रक्रिया त्यापूर्वींच सुरू झाली होती. आयोवा येथें एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठराचा बराचसा भाग वगळून अन्नास नवी वाट करून दिली. पण त्यासाठीं पोट चिरणें आलें. फुग्यास सुरी नको. तो घशांतूनच आंत उतरतो. १९८५ सालीं अमेरिकेंत गॅरेन-एडवर्ड्स फुग्यास परवानगी मिळाली. तो हवेनें भरलेला व नळकांड्याच्या आकाराचा असे. कांहींचे फुगे आपोआप निवून आंतड्यांत अडकले, कांहींच्या जठरास व्रण पडले. शिवाय फुगा घातल्याचें केवळ सोंग केलेल्या रोग्यांशीं तुलना करतां वजनांत म्हणण्यासारखा फरक दिसेना. १९८७ सालीं फ्लॉरिडांतील टार्पन स्प्रिंग्ज येथें तज्ज्ञ जमले व त्यांनीं ठरविलें कीं, फुगा गुळगुळीत, टिकाऊ, द्रवानें भरलेला व क्ष-किरणांत दिसणारा असावा. मिठाच्या पाण्यानें भरलेला, सहा महिन्यांनीं काढावयाचा गोल फुगा अमेरिकेनें २०१५ सालीं मान्य केला.

सुरीचें भय वृद्धांस अधिक. तेव्हां हा मार्ग मुख्यतः त्यांच्यासाठींच असावा, असें कोणासही वाटेल. पन्नाशी ओलांडलेल्या प्रस्तुत लेखकासही तसेंच वाटलें. पण तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आंतून शिवण्याची जी नवी रीत आहे, तिची २०२२ सालीं प्रसिद्ध झालेली अमेरिकेंतील मोठी परीक्षा पाहावी : वयाची मर्यादा २१ ते ६५! ज्यांस उपाय सोयीचा, त्यांतील पुष्कळ जण दाराबाहेरच. याला थोडें कारणही आहे. वजन उतरतें तेव्हां चरबीबरोबर मांस व हाडेंही झिजतात, आणि म्हातारपणीं गेलेलें मांस सहजीं परत येत नाहीं. २०११ सालीं ६५ वर्षांवरील १०७ स्थूल माणसांवर एक वर्षभर प्रयोग झाला. त्यांत नुसता मिताहार करणारांपेक्षां मिताहारास व्यायामाची जोड देणारांचें मांस व कमरेचें हाड कमी झिजलें, आणि त्यांच्या चालण्याउठण्यांत सर्वांत जास्त सुधारणा झाली.