घंटा आणि भाषण

१९५२ साली आलेल्या ‘डॉन कामिल्लो’ या विनोदी चित्रपटात दोघांची जुंपते ती अगदी सुरुवातीलाच. उत्तर इटलीतल्या पो नदीकाठच्या एका गावात निवडणूक कम्युनिस्टांनी जिंकलेली असते. नवा नगराध्यक्ष पेप्पोने चौकात विजयाचं भाषण ठोकतो आणि समोरच्या चर्चमधला दांडगट पाद्री कामिल्लो संतापून घंटा बडवायला लागतो. भाषण घंटानादात बुडतं. दिग्दर्शक ज्युलियँ द्युविव्हिए फ्रेंच, पाद्री झालेला फर्नांदेलही फ्रेंच, पेप्पोने झालेला जीनो चेर्वी मात्र इटालियन. एकट्या फ्रान्समध्ये या चित्रपटाची सव्वा कोटीहून जास्त तिकिटं खपली. चित्रीकरण झालं रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या ब्रेशेल्लो गावात. एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोघे शेवटी मित्र कसे होतात, याचं नेहमीचं उत्तर असं, की विचार वेगळे असले तरी माणसं मनाने चांगली होती. मला हे उत्तर गुळमट वाटतं. चांगुलपणावर एवढं हाडवैर पेलत नाही. या मैत्रीची मुळं त्या मुलखाच्या इतिहासात आहेत. त्याच त्या माणसांवर हक्क सांगणाऱ्या दोन कारभाऱ्यांना एकमेकांवाचून गाव चालवता येत नव्हतं, हे तिचं खरं कारण.

हा चित्रपट ज्याच्या कथांवर बेतला, त्या ज्योवान्निनो ग्वारेस्की या पत्रकाराने मिलानच्या ‘कांदिदो’ साप्ताहिकात पहिली कामिल्लो-कथा छापली ती १९४६च्या नाताळाच्या तोंडावर. तो स्वतः याच सपाट, धुकट खोऱ्यातला. इथली शेती मोठ्या जमीनदारांची आणि राबणारे हात रोजंदारीवरच्या मजुरांचे. त्यामुळे समाजवाद्यांच्या सहकारी संस्था आणि मजूर संघटना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच इथे रुजल्या होत्या. गावाच्या एका अंगाला चर्च आणि त्याच्या आवारात पोरांना खेळायची जागा, दुसऱ्या अंगाला पक्षाचं लोकगृह. एकीकडे ग्रामसंताची जत्रा, दुसरीकडे पक्षाच्या वर्तमानपत्राच्या नावाने भरणारी जत्रा. दोन्हीकडे गर्दी त्याच कुटुंबांची. नवऱ्याच्या खिशात पक्षाचं कार्ड आणि बायकोच्या हातात जपमाळ, हे तिथे नवलाचं नव्हतं. जुलै १९४९मध्ये व्हॅटिकनने कम्युनिझम मानणाऱ्यांना धर्मबाह्य ठरवणारा हुकूम काढला, तरी पोरांचे बाप्तिस्मे थांबले नाहीत. पक्षालाही हे पुरतं ठाऊक होतं. चर्च आणि सरकार यांच्यात मुसोलिनीच्या काळात झालेले करार नव्या राज्यघटनेत राहावेत, यासाठी २५ मार्च १९४७ रोजी तोल्यातीच्या नेतृत्वाखालच्या कम्युनिस्ट पक्षाने चक्क बाजूने मतदान केलं. त्यांचे मित्र समाजवादी मात्र विरोधात गेले. म्हणजे पेप्पोने पडद्यावर जे करतो, ते त्याचा पक्ष आधीच संविधान सभेत करून बसला होता.

हे ध्यानात ठेवलं की कथांमधले प्रसंग वेगळे दिसायला लागतात. पेप्पोनेला पोराचा बाप्तिस्मा हवा आहे, पण नावात लेनिनही हवा आहे. पाद्री नकार देतो, दोघं एकमेकांना यथेच्छ धोपटतात आणि शेवटी पाद्रीच तोड काढतो: लेनिन राहू दे, पण शेजारी कामिल्लोही हवा. गावाच्या म्हाताऱ्या शिक्षिकेचं प्रकरण तर याहून बोलकं. तिने गावाला लिहायला-वाचायला शिकवलेलं. आपल्या शवपेटीवर राजाचा झेंडा घाला, ही तिची शेवटची इच्छा. आणि इटलीत राजेशाही तर १९४६च्या सार्वमतानेच संपलेली. प्रजासत्ताकवाले कायद्यावर बोट ठेवून मान हलवतात. झेंडा घालायचा, असा निर्णय देतो तो पेप्पोने, आणि तोही नगराध्यक्ष म्हणून नव्हे, तर गावातल्या कम्युनिस्टांचा पुढारी म्हणून! शेतमजुरांच्या संपात गोठ्यातल्या गाई उपाशी हंबरायला लागतात, तेव्हा रात्री चोरून आत शिरलेल्या पाद्र्याला पेप्पोने तिथेच भेटतो आणि दोघं मिळून गाईंचं बघतात. गाय मेली तर मालकाचं नुकसान आहेच, पण उद्या मजुराने काम कशावर करायचं? या तिन्ही प्रसंगांत मतं तसूभरही बदलत नाहीत. गावाचं काम अडतं, म्हणून तोड निघते.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा गोडव्यात घोळलेला प्रचार आहे. ग्वारेस्की कडवा कम्युनिस्टविरोधी होता यात शंका नाही. मतदान करताना देव तुला पाहतोय, स्टालिन नव्हे, अशा अर्थाची त्याची १९४८च्या निवडणुकीतली घोषणा गाजली होती. कथांमध्येही पारडं बहुतेक वेळा पाद्र्याकडेच झुकतं. पण त्याच ‘कांदिदो’त तो कम्युनिस्टांची तीन नाकपुड्यांची व्यंगचित्रं काढत होता, तिसरी नाकपुडी कशाला, तर मेंदू बाहेर काढून पक्षाचे हुकूम आत भरायला. पेप्पोनेला त्याने ही नाकपुडी दिली नाही. पक्षाच्या माणसाची टर उडवणं एक आणि शेजाऱ्याची गोष्ट सांगणं दुसरं, हा फरक त्याच्या हाताला कळत होता. निव्वळ प्रचारकाला तो कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मी पुरता खोडू शकत नाही. दुसरं महायुद्ध संपता संपता आणि संपल्यावर एमिलियात पाद्र्यांचे खून पडले. याच रेज्जो जिल्ह्यात, कोर्रेज्जोजवळ, उंबेर्तो पेस्सीना या पाद्र्याला १८ जून १९४६ रोजी गोळ्या घातल्या गेल्या; पहिली कामिल्लो-कथा त्यानंतर सहा महिन्यांनी आली. म्हणजे ग्वारेस्कीने गावाचा आरसा धरला नव्हता. डोळ्यांसमोर जे घडत होतं त्याला त्याने मुद्दाम उलटा जबाब दिला होता. तरीही तो जबाब लोकांना पटला, कारण तोडीची ही वाट गावात खरोखरच होती. सगळे तिने गेले नाहीत एवढंच. आज ब्रेशेल्लोच्या चौकात पाद्र्याचा आणि नगराध्यक्षाचा असे दोन ब्राँझचे पुतळे उभे आहेत आणि पर्यटक त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. कोर्रेज्जोतही एक खराखुरा कम्युनिस्ट नगराध्यक्ष होता, माजी प्रतिकारयोद्धा जेर्मानो निकोलीनी. पेस्सीनाच्या खुनाबद्दल त्याला १९४७मध्ये पकडण्यात आलं आणि त्याने दहा वर्षं तुरुंगात काढली. खून त्याने केलाच नव्हता. न्यायालयाने तसा निकाल दिला १९९४ साली; तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.