आपल्याच घराची झडती

सेऊल ऑलिंपिकमधली १०० मीटरची अंतिम शर्यत ज्यांनी टीव्हीवर पाहिली, त्यांना ती अजून आठवत असेल. २४ सप्टेंबर १९८८, शनिवार. आमच्या आळीत तेव्हा मोजक्याच घरी टीव्ही होता. एका शेजाऱ्यांच्या बैठकीत आम्ही दहा-बाराजण दाटीवाटीने बसलो होतो. कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत पोहोचला आणि शेवटच्या पावलांना त्याने आकाशाकडे बोट उचललं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी बातमी आली, की त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे उत्तेजक सापडलं आणि सुवर्णपदक काढून कार्ल लुईसला देण्यात आलं.

त्या तीन दिवसांत बंद खोलीत काय घडलं, ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. वैद्यकीय आयोगापुढे जॉन्सनची बाजू एका वकिलाने मांडली होती. त्यांचं नाव रिचर्ड पाउंड. गंमत अशी, की हे पाउंड स्वतः आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे उपाध्यक्ष होते. आमच्या भाषेत सांगायचं तर न्यायासनाशेजारी बसणारा माणूस आरोपीचं वकीलपत्र घेऊन उभा राहिला. पाउंडनी आधी अशिलाला सरळ विचारलं, की तू काही घेतलं होतंस का? जॉन्सन नाही म्हणाला. मग कुणीतरी बाहेरच्याने त्याला काहीतरी पाजलं असावं, असा बचाव मांडला गेला. पण प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं, की हे एका दिवसाचं काम नव्हे, शरीरावर दीर्घकाळच्या सेवनाच्या खुणा आहेत. पुढच्या वर्षी कॅनडात न्यायमूर्ती चार्ल्स डबिन यांच्या चौकशी आयोगापुढे जॉन्सनने शपथेवर कबुली दिली.

अशिलाने खोटं सांगितलं म्हणून वकील खचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण या एका प्रकरणाची सावली पाउंड यांच्या पुढच्या सगळ्या कामावर पडलेली दिसते.

पाउंड यांचा जन्म १९४२चा. मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी, माँट्रियलमध्ये करविषयक वकिली. पण त्याआधी ते पोहणारे होते. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत ते सहावे आले होते. १९६२च्या पर्थ इथल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. १९७८ साली ते ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. तेव्हा या समितीची तिजोरी फारशी भरलेली नव्हती. ती भरण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांत पाउंड पुढे होते. टीव्ही प्रक्षेपणाच्या हक्कांच्या वाटाघाटी ते करत. १९९५ साली एनबीसी या अमेरिकन वाहिनीने २००४, २००६ आणि २००८ या तीन स्पर्धांच्या हक्कांसाठी २.३ अब्ज डॉलर मोजायचं कबूल केलं. तेव्हा पहिल्या स्पर्धेला नऊ वर्षं अवकाश होता.

एवढा पैसा आला, की यजमानपद मिळवायला शहरांची झुंबड उडणारच. ते ठरवणार कोण? तर समितीचे शंभरेक सदस्य, गुप्त मतदानाने. ते कुणाला उत्तर द्यायला बांधील नव्हते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

नोव्हेंबर १९९८मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका टीव्ही केंद्राने एका पत्राची बातमी दिली. २००२च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद या शहराला १९९५ साली मिळालं होतं. कॅमेरूनच्या ऑलिंपिक सदस्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च शहराची समिती करत होती, असं त्या पत्रावरून दिसलं. मग डिसेंबरमध्ये मार्क हॉडलर हे ऐंशी वर्षांचे स्विस सदस्य लोझानमध्ये पत्रकारांपुढे उभे राहिले आणि मतांचा बाजार भरतो, असं उघड बोलले. हॉडलरसुद्धा वकीलच. घरातला वडीलधारा माणूस ओसरीवर येऊन बोलू लागल्यावर दार लावून घेता येईना. अध्यक्ष हुआन अन्तोनिओ समारांच यांनी चौकशी समिती नेमली आणि तिचं प्रमुखपद पाउंडना दिलं.

या समितीला समन्स काढता येत नव्हतं. शपथेवर साक्ष नव्हती. हाताशी होती सॉल्ट लेकची कागदपत्रं आणि सदस्यांची पत्रोत्तरं. कागदांत दहा लाख डॉलरहून अधिक रकमेच्या भेटी, प्रवास, औषधोपचार, शिष्यवृत्त्या आणि नातेवाइकांच्या नोकऱ्या होत्या. पाउंडनी काम महिना-दीड महिन्यात उरकलं. जानेवारी १९९९मध्ये अहवाल आला आणि मार्चच्या खास अधिवेशनात सहा सदस्यांना काढून टाकण्यात आलं. चौघांनी आधीच राजीनामे दिले होते. शतकाहून जुन्या या संस्थेत भ्रष्टाचारासाठी सदस्यांची हकालपट्टी प्रथमच होत होती.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका क्रीडा मंडळाने कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा भरवल्या. हिशेबात तफावत निघाली. मी मंडळाचा आजीव सदस्य आणि वर वकील, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. मी महिनाभर पावत्या तपासल्या. तंबूवाल्याची बिलं फुगवलेली होती, न आलेल्या संघांचा भत्ता खर्ची पडला होता. मी तिघांवर ठपका ठेवला. एक कारकून आणि दोन स्पर्धा-चिटणीस. सभेत अहवालाचं कौतुक झालं, मला शाल-श्रीफळ मिळालं. पुढे काही महिन्यांनी तो कारकून मला एसटी स्टँडवर भेटला. रागावलेला नव्हता. एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, वही मी लिहिली हे खरं. पण खर्चाच्या मंजुरीखाली सही कुणाची होती, ते तुम्ही विचारलंच नाहीत." मी विचारलं नव्हतं, कारण माझ्या कार्यकक्षेत ते नव्हतं. आणि कार्यकक्षा ज्यांनी ठरवली होती, सही त्यांचीच होती.

म्हणून सॉल्ट लेकचा अहवाल वाचताना मी नावं पाहतो. गेलेल्या दहांपैकी सहाजण आफ्रिकेतले: लिबिया, केनिया, स्वाझीलँड, सुदान, काँगो आणि माली. उरलेले इक्वेडोर, चिली, सामोआ आणि फिनलंडचे. बलाढ्य देशांतलं कुणीच नाही. अध्यक्ष समारांच यांनाही सॉल्ट लेककडून बंदुका भेट मिळाल्या होत्या. पण अध्यक्ष मतदान करत नाहीत, तेव्हा त्यांच्या भेटींचा प्रश्न येत नाही, असं समर्थन देण्यात आलं. त्याच मार्चच्या अधिवेशनात त्यांच्यावर जवळजवळ एकमुखाने विश्वास व्यक्त झाला. ज्यांनी दिलं, त्या सॉल्ट लेकच्या दोन पदाधिकाऱ्यांवर अमेरिकेत खटला झाला आणि डिसेंबर २००३मध्ये न्यायालयाने तो मध्येच थांबवून त्यांना निर्दोष सोडलं.

पाउंडनी केलेलं काम लहान होतं, असं मी म्हणणार नाही. त्यानंतर सदस्यांनी इच्छुक शहरांना भेटी देणं बंद झालं, नीती आयोग नेमला गेला, खेळाडूंना समितीत जागा मिळाल्या. आपल्याकडेही पाहा. १९९७ साली क्रिकेट नियामक मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सट्टेबाजीची चौकशी सोपवली. माणूस केवढ्या अधिकाराचा! पण हाती पोलिसी अधिकार नव्हते. भारतीय खेळाडूंविरुद्ध त्यांना काही आढळलं नाही. २००० साली सीबीआयने तपास केला तेव्हा चित्र बदललं.

घराची झडती घेणाऱ्याला घर काय देतं, हे जुलै २००१मध्ये मॉस्कोत दिसलं. समारांच निवृत्त होत होते, अध्यक्षपदाची निवडणूक होती. बेल्जियमचे जाक रोग ५९ मतांनी निवडून आले. दुसरे आले दक्षिण कोरियाचे किम उन-याँग, २३ मतं. पाउंड तिसरे, २२ मतं. सॉल्ट लेक प्रकरणात ज्या किम यांना कडक ताकीद मिळाली होती, त्यांना चौकशी करणाऱ्यापेक्षा एक मत जास्त पडलं. पुढे २००४ साली अफरातफरीबद्दल किम यांना कोरियात शिक्षा झाली.

पाउंड गप्प बसले नाहीत. १९९९च्या नोव्हेंबरात जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'वाडा', स्थापन झाली होती. तिचे ते पहिले अध्यक्ष, २००७पर्यंत. सर्व खेळांना आणि देशांना लागू होणारी एकच नियमावली २००३मध्ये कोपनहेगनला मंजूर झाली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगबद्दल ते उघड शंका बोलत. आर्मस्ट्राँगने त्यांना हटवा म्हणून पत्र लिहिलं, आणि २००७ साली ऑलिंपिकच्या नीती आयोगाने पाउंडनाच जपून बोलायचा सल्ला दिला. जानेवारी २०१३मध्ये आर्मस्ट्राँगने टीव्हीवर कबुली दिली.

पण 'वाडा'लाही कार्यकक्षा होतीच. रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेत काम करणारे विताली स्टेपानोव २०१० पासून 'वाडा'ला कळवत होते, की इथे पहारेकरीच चोराला वाट दाखवतात. त्यांची पत्नी युलिया स्वतः ८०० मीटरची धावपटू. मात्र स्वतः तपास करायचा अधिकार तेव्हा 'वाडा'ला नियमाने नव्हता. शेवटी डिसेंबर २०१४मध्ये त्या दोघांची हकिगत एका जर्मन वाहिनीने दाखवली. मग स्वतंत्र आयोग नेमला गेला. अध्यक्ष पुन्हा पाउंड, वय ७२. सोबत कॅनडाचेच कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅकलारेन आणि जर्मन पोलिस अधिकारी ग्युंटर युंगर.

नोव्हेंबर २०१५मध्ये जिनिव्हात त्यांनी अहवाल मांडला. तपासनीस येण्याआधी मॉस्कोच्या प्रयोगशाळेत १,४१७ नमुने नष्ट करण्यात आले होते. सरकारी यंत्रणेच्या संमतीवाचून हे शक्य नाही, असं त्यांनी म्हटलं. या वेळी एक फरक होता. आयोगाने हाती आलेला पुरावा फ्रान्सच्या तपास यंत्रणेकडे दिला. तिला अटक करता येत होती. म्हणून या वेळी हात थेट वरपर्यंत पोहोचला. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाचे सोळा वर्षं अध्यक्ष राहिलेले लामिन दियाक यांना सप्टेंबर २०२०मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा दिली, त्यातली दोन स्थगित. दोषी रशियन खेळाडूंकडून पैसे घेऊन प्रकरणं दाबल्याचा आरोप सिद्ध झाला होता. तरीही जानेवारी २०१६च्या दुसऱ्या अहवालात महासंघाच्या मंडळाला हे ठाऊक नसणं शक्य नाही असं लिहिणारे पाउंड, त्याच मंडळातून आलेल्या सेबॅस्टियन को यांनीच पुढे धुरा वाहावी, असंही म्हणाले. पत्रकार चकित झाले. मला फारसं नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं ज्या पंक्तीत जेवलो, तिथलं सगळंच पान उलटं करणं सोपं नसतं. २०२२अखेर, ऐंशीव्या वर्षी, पाउंड ऑलिंपिक समितीतून निवृत्त झाले.

माझं विचाराल, तर पुढे एका दुसऱ्या संस्थेने मला चौकशीसाठी बोलावलं. या वेळी पहिल्याच बैठकीत मी कार्यकक्षेचा कागद मागितला आणि त्यात 'अध्यक्षांसह सर्व पदाधिकारी' एवढे शब्द घालायला सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. माझ्या सहकार्याबद्दल त्यात मनःपूर्वक आभार मानले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)