पावलें आणि कळलें

पेशवाईतील पत्रांच्या उत्तरांत आरंभींच 'पत्र पावलें, लिहिला मजकूर कळला' अशा धर्तीचें वाक्य येतें. पावणें निराळें, कळणें निराळें, हें त्या कारकुनांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून ते दोन्ही लिहीत.

ई-मेल कचेऱ्यांत रूढ झाल्यावर पत्र धाडणारास तीच जुनी हुरहुर लागली. मार्च १९९८ मध्यें 'आरएफसी २२९८' या नियमपत्रानें वाचनाच्या पोंचेचा सामाईक नमुना घालून दिला. पत्र पडद्यावर उघडलें कीं वाचणाराचें यंत्रच पोंच धाडूं शके. लेखणीचें कामच उरलें नाहीं. मात्र पोंच देणें न देणें वाचणाराच्या खुषीवर ठेविलें होतें. तेव्हां ती न येणें हा न वाचल्याचा पुरावा नव्हे. आणि आलेल्या पोंचेचा अर्थही पत्र उघडलें गेलें, एवढाच. तें वाचलें वा समजलें याची हमी नाहीं, असें त्या नियमपत्रांतच नमूद आहे.

सभेची वेळ बदलल्याची सूचना पोंचली काय, एवढें पाहण्यास ही सोय फार उपयोगी. परंतु तिच्याच बळावर हाताखालच्या माणसास 'तुम्हांला ठाऊक होतें' म्हणून ठपका देणारे साहेब मीं पाहिले आहेत. २०१७ च्या सुधारलेल्या नियमपत्रांतही ती हमी दिलेली नाहीं; तें मात्र त्यांनीं उघडलेलें नसावें.