जॅकेट बोटीत होतं, अंगावर नव्हतं

अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा वार्षिक अहवाल उघडला की एक आकडा हमखास भेटतो. 2023 मध्ये तिथे हौशी बोटिंगमध्ये 564 माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलं त्यांतले 75 टक्के बुडून गेले, आणि त्या बुडालेल्यांपैकी 87 टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. मग तळ्यावर जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही जॅकेटची सक्ती का नको? हा वाद तिथे जुना आहे.

थोडा इतिहास. 1958 च्या कायद्याने मोटरबोटींना नंबर दिले आणि अपघातांची नोंद सुरू केली, म्हणजे मोजणी शक्य झाली. 1971 च्या कायद्याने बोट बनवणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली: पाणी भरलं तरी लहान बोट तरंगली पाहिजे, आणि किती माणसं चालतील याची पाटी बोटीवरच हवी. तेव्हा दर लाख नोंदणीकृत बोटींमागे 20.6 मृत्यू होते, 2023 मध्ये 4.9. जॅकेटचं मात्र अर्धवटच राहिलं. माणशी एक जॅकेट बोटीत हवं, पण बहुतेक ठिकाणी मोठ्यांनी ते घातलंच पाहिजे असं नाही.

आता त्या 87 टक्क्यांकडे नीट बघूया. समजा, सुखरूप परत आलेल्यांपैकीही 87 टक्के लोक जॅकेटविनाच होते. तर मग हा आकडा जॅकेटबद्दल काहीच सांगत नाही! नुसते मृत मोजून भागत नाही, वाचलेले कसे वागत होते तेही मोजावं लागतं. छेदाचीही तीच गंमत. 2020 मध्ये मृत्यू 613 वरून 767 वर गेले. बोटी अचानक धोकादायक झाल्या का? नाही. कोविडच्या त्या वर्षी पाण्यावर जाणारे वाढले. नोंदणीकृत बोटींची संख्या हे सांगत नाही, पाण्यावर घालवलेले तास सांगतील.

यातून वाट ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने दाखवली. 1 डिसेंबर 2005 पासून तिथे लहान पॉवरबोटींवर कायम आणि मोठ्या बोटींवर धोक्याच्या वेळी जॅकेट घालण्याची सक्ती झाली. आधीच्या सहा वर्षांत हौशी बोटिंगमध्ये 59 जण बुडाले होते, नंतरच्या पाच वर्षांत 16. आधी-नंतरच्या तुलनेत इतर बदलही मिसळतात हे खरं. पण वर्षाला साधारण 10 वरून 3 वर येणं सहज बाजूला सारता येत नाही.

आपल्याकडे 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. एनसीआरबीच्या अहवालात बोट उलटून बुडालेल्यांचा रकाना आहे. अंगावर जॅकेट होतं का, याचा रकाना नाही. कायद्याची चर्चा करण्याआधी निदान तेवढा एक रकाना तरी वाढवायला हवा.