विंडोज १० ची मुदत संपली; जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट चालवून पाहा

चिखलदरा : घरातला जुना लॅपटॉप सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, त्यात आता स्क्रीनवर विंडोज १० ची मुदत संपल्याचा मेसेज. मग दुकानदार सांगतो, नवीन घ्या. तीस-पस्तीस हजार मोजण्याआधी एक बिनपैशाचा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या फटी बुजवल्या जात नाहीत. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली होती. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारण २०१८ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची चांगली चालू मशीनही इथं अडते.

लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. हातातला अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो, म्हणजे लिनक्स आपल्या घरात आधीच आलेलं आहे. केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्या देशाच्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाचं लिनक्स बनवलं आहे. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंच समजतात. शेजारच्या धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, तेही मायक्रोसॉफ्टच्या साथीने, म्हणून त्यात नवल नाही.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. विंडोजची सवय असलेल्याला त्यातलं लिनक्स मिंट सोपं जातं. खाली डावीकडे तसाच मेनू, तशाच फोल्डरच्या खिडक्या. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम किमान २ जीबी लागते, ४ असेल तर बरं. रॅम कमी असल्यास एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्यावी.

मात्र हे सगळ्यांसाठी नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक करून विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराचंही तेच. एमएस-सीआयटीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना विंडोजवरच सराव लागतो. सातबारा पाहणं, महाडीबीटीचा अर्ज भरणं, यूट्यूब, पत्र टाइप करणं एवढंच काम असेल तर ते ब्राउझर आणि लिब्रेऑफिसमध्ये होऊन जातं.

मेळघाटात खरी अडचण डाउनलोडची. फाइल जवळपास ३ जीबीची आहे आणि आपली रेंज पाऊस-वाऱ्यावर. अर्ध्यात तुटली की दिवसाचा डेटा वाया. त्यामुळे परतवाडा किंवा अमरावतीला जाणं होईल तेव्हा चांगल्या वाय-फायवर लिनक्समिंट डॉट कॉम या मूळ साइटवरूनच ती उतरवून घ्यावी. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून अजिबात नाही. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा आणि बालेना एचर या मोफत प्रोग्रामने फाइल त्यावर चढवायची. नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही. पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, लग्नाचे फोटो असले तर आधी काढून ठेवा.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोव्हो, एसरवर सहसा एफ १२ आणि एचपीवर एफ ९ ही कळ दाबत राहायची. यादी येते, त्यातून पेन ड्राइव्ह निवडायचा. थोड्या वेळाने मिंट समोर येतं, आणि अजून तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागलेला नसतो. याला लाइव्ह म्हणतात. बैल घेण्याआधी वखराला जुंपून पाहावा तसं दोन-तीन दिवस असंच चालवून पाहा. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर. पेन ड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, ते धरून चाला. वाय-फाय ओळखलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करा. नेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर लागेल ते शोधून देतो.

पसंत पडलं तरच पुढं. इन्स्टॉल करताना एक पान येतं, तिथं घाई करू नका. ‘अलाँगसाइड’ म्हणजे विंडोज राहू देऊन बाजूला मिंट. ‘इरेज डिस्क’ म्हणजे अख्खी डिस्क साफ: विंडोज, मुलीचा जातीचा दाखला, कर्जाचे कागद, फोटो, सगळं. डी ड्राइव्हसुद्धा, कारण ती त्याच डिस्कचा भाग असते. डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज इथं महागात पडतो. म्हणून जपायच्या फायली आधी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. दोन्ही सिस्टीम ठेवायच्या असतील तर विंडोजमधलं बिटलॉकर आधी बंद करा.

काम साधारण अर्ध्या तासाचं आहे. पण मध्येच लाईन गेली तर डिस्क अर्धवट राहते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढूच नये.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडता येतो. इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चारावर चालणाराही आहे. कोरकू देवनागरीत लिहिणाऱ्यांनाही तोच कामी येईल. मेनू मराठीत केले तर काही इंग्रजीतच राहतात, त्यापेक्षा सगळं इंग्रजी ठेवलेलं बरं. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली मात्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. तो फॉन्ट मिंटमध्ये टाकला की अक्षरं परत येतात, म्हणून विंडोज पुसण्याआधी फॉन्टची फाइलही काढून घ्या.

इन्स्टॉल करताना ठेवलेला पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. नवीन सॉफ्टवेअर टाकताना मिंट तोच विचारतं, आणि विसरला तर मोबाइलवर ओटीपी येत नाही.